गरजेपुरते रक्षण

गांजाचे नाव निघाले की बोलणे बहुधा नशेकडे नाहीतर कायद्याकडे वळते. या पुस्तकाचा विषय त्याच झाडापासून सुरू होतो, पण मुक्कामाला पोचतो तो मेंदूच्या स्वतःच्या एका व्यवस्थेपाशी. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातले नशा आणणारे द्रव्य, टीएचसी, वेगळे काढले. १९८८ मध्ये अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांनी ते मेंदूत ज्याला जोडले जाते त्या ग्राहीचा, म्हणजे आजच्या ‘सीबी-१’ रिसेप्टरचा, माग काढला. झाडातल्या द्रव्यासाठी मेंदूने जागा का राखावी? १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये उत्तर मिळाले: तशी द्रव्ये मेंदू स्वतःच बनवतो. पहिले हाती लागले ते आनंदामाइड, डुकराच्या मेंदूतून.

ही द्रव्ये काय करतात हे कळायला वाचकांनी आधी ग्लुटामेट हे मेंदूतले रसायन समजून घ्यावे. चेतापेशी एकमेकींना उद्दीपित करतात त्या मुख्यतः त्याच्याच जोरावर. अपस्माराचा झटका आला किंवा डोक्याला जबर मार बसला की ते अतोनात सुटते, पेशीत कॅल्शियमचा लोंढा शिरतो आणि पेशी मरू लागते. अशा वेळी संदेश घेणारी पेशी आपल्याच आवरणातल्या मेदापासून कॅनाबिनॉइड, म्हणजे आनंदामाइडसारखे द्रव्य, तयार करते. ते उलट दिशेने, संदेश पाठवणाऱ्या टोकाकडे जाते, तिथल्या सीबी-१ला जोडले जाते आणि ग्लुटामेटचा ओघ आवरते.

२००३ मध्ये जोव्हान्नी मार्सिकानो, बीट लुट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर हे तपासले. अग्रमेंदूच्या मुख्य चेतापेशींतून सीबी-१ काढून टाकलेल्या उंदरांना झटके आणणारे केनिक आम्ल दिल्यावर झटके कितीतरी तीव्र आले. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात सीबी-१ सर्वाधिक असतात ते गाबा हे शामक रसायन सोडणाऱ्या पेशींवर. ग्लुटामेटच्या पेशींवर ते थोडेच. तरी झटक्यांपासून रक्षण होते ते या थोड्यांमुळेच. संख्येपेक्षा जागा मोलाची, हे या क्षेत्राचे मर्म तुम्हाला पुढेही वारंवार भेटेल.

म्हणूनच ‘गांजा मेंदूला हितकर’ असा निष्कर्ष वाचकांनी यातून काढू नये. मेंदूचे द्रव्य हवे तिथे, हवे तेव्हा बनते आणि लवकर विघटित होते. टीएचसी मात्र मेंदूभर पसरते आणि बराच काळ टिकते. हा फरक मनाशी पक्का ठेवून पुढची प्रकरणे वाचा. रसायनशास्त्राची पूर्वतयारी नसली तरी चालेल. औषधांच्या प्रकरणाकडे मात्र सर्वांत शेवटी वळा. मेंदूची ही नेमकी वेळ आणि नेमकी जागा गोळीला साधणे इतके अवघड का, हे तेव्हा तुमचे तुम्हालाच उमगेल.