उडी, शेपूट आणि आरंभ

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात चेटकिणी मॅकबेथला भावी राजा म्हणून हाक मारतात. तेव्हा सोबतचा बँको त्याला विचारतो, इतके चांगले बोल ऐकून तू ‘स्टार्ट’ का झालास? या शब्दाचा आजचा अर्थ इथे लावला, तर प्रश्नच कळत नाही. बँको विचारतोय, दचकलास का?

व्युत्पत्तिशास्त्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत याच शब्दाने करावेसे वाटते. आपण गाडी स्टार्ट करतो, जेवणाआधी स्टार्टर मागवतो, मुले स्टार्टअप काढतात. इतक्या वापरातल्या शब्दाला काही इतिहास असेल असे मनातही येत नाही.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता एकदम उडी घेणे, उसळणे. जर्मनमधला त्याचा भाऊबंद ‘श्टुर्त्सेन’ आजही कोसळणे, झेपावणे या अर्थाने नांदतो. मध्ययुगातले इंग्रज शिकारी झुडपात दडलेला ससा उठवत, त्यालाही ‘स्टार्ट’ म्हणत. शर्यतीत धावणारे जागेवरून सुटतात तो क्षणही ‘स्टार्ट’च. प्रवासाला निघणे, यंत्र चालू करणे, कामाला हात घालणे हे अर्थ पुढच्या शतकांत जडत गेले. आज पहिला वाटणारा ‘आरंभ करणे’ हा अर्थ या रांगेत बराच मागे उभा आहे. जुनी उडी मात्र पुसली गेलेली नाही. दचकवण्यासाठी इंग्रजीत ‘स्टार्टल’ आहे. एकाएकी वर आलेल्या माणसाला हिणवायला ‘अपस्टार्ट’ आहे. 1592 मध्ये रॉबर्ट ग्रीनच्या नावाने छापलेल्या पुस्तिकेत खुद्द शेक्सपिअरला हाच शब्द लावला होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

आता एक धोक्याची जागा. हिवाळ्यात महाराष्ट्रात येणाऱ्या कृष्ण थिरथिरा या पक्ष्याचे इंग्रजी नाव ‘ब्लॅक रेडस्टार्ट’. हा पक्षी सारखा हलत असतो. तेव्हा हा ‘स्टार्ट’ उडीचाच, असे कुणालाही वाटेल. पण हा ‘स्टेओर्ट’ या दुसऱ्याच जुन्या शब्दापासून आला आहे आणि त्याचा अर्थ शेपूट. रेडस्टार्ट म्हणजे लालशेपट्या. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातले ‘स्टार्ट पॉइंट’ हे भूशिरही समुद्रात घुसलेली जमिनीची शेपटीच. ‘स्टार्क नेकेड’ म्हणजे पूर्ण नागडा, हाही मुळात ‘स्टार्ट नेकेड’, ढुंगणापर्यंत उघडा. ध्वनी जुळला, अर्थही ओढूनताणून जुळवता आला, की व्युत्पत्ती सापडली असे मानणे हा या शास्त्रातला सर्वांत मोठा मोह आहे.

त्यावर उतारा एकच: लिखित पुरावा आणि त्याचा काळ. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली 1884 मध्ये ज्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग निघाला आणि 1928 मध्ये जो पुरा झाला, तो आज ऑक्सफर्ड कोश म्हणून ओळखला जातो. हजारो वाचकांनी पुस्तके चाळून त्यासाठी अवतरणे पाठवली. प्रत्येक अर्थ पहिल्यांदा कधी दिसतो, हे त्यांवरूनच ठरले. मराठीत कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्ति-कोश 1946 मध्ये आला. शब्दांचा नाद असलेल्या प्रत्येकाने तो हाताशी ठेवावा, असे मी मनापासून सांगेन.

त्या कोशातून आपल्याकडच्या आरंभाकडेही पाहता येते. संस्कृत ‘आरंभ’ रभ् धातूपासून येतो. रभ् म्हणजे धरणे, पकडणे. लॅटिन ‘इनिशियम’मध्ये आत शिरणे आहे, आणि त्यातला जाण्याचा धातू संस्कृत ‘एति’चा सख्खा नातलग. आपले ‘सुरू’ अरबी ‘शुरू’वरून फारसीमार्गे आले, ‘शरीयत’ही त्याच धातूची. पकडणे, शिरणे, उसळणे: आरंभ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माणसांनी तो शरीराच्या हालचालीतून सांगितला.

‘स्टार्ट’चा जोडीदार ‘बिगिन’ मात्र अजून दाद देत नाही. त्याच्या सुरुवातीचा ‘बि’ हा उपसर्ग. उरलेला ‘गिन’ जुन्या जर्मानिक भाषांत एकटा कुठेच सापडत नाही, नेहमी कुठल्यातरी उपसर्गाला चिकटलेलाच दिसतो. उघडणे हा त्याचा मूळ अर्थ असावा, असे काही अभ्यासक म्हणतात, इतरांना ते पटत नाही. नव्या अभ्यासकासाठी हे दार उघडे आहे.