ब्रेक्झिट

या शब्दाचा थोरला भाऊ ग्रीसचा. कर्जात बुडालेला तो देश युरो सोडेल, या शक्यतेला सिटीग्रुपच्या अर्थतज्ज्ञांनी फेब्रुवारी 2012मध्ये ‘ग्रेक्झिट’ म्हटलं. मे महिन्यात पीटर वाइल्डिंग या ब्रिटिश गृहस्थांनी त्याच साच्यातून, ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या शक्यतेसाठी, ‘ब्रेक्झिट’ काढला. गंमत म्हणजे हे गृहस्थ स्वतः ब्रिटननं संघातच राहावं या मताचे!

जूनमध्ये ‘इकॉनॉमिस्ट’ने ‘ब्रिक्झिट’ वापरून पाहिला. तो रुळला नाही.

पुढे शब्द पळवला लोकानुनयी राजकारणानं. ब्रिटननं संघाबाहेर पडावं म्हणणाऱ्यांच्या लाल प्रचारबसवर, ‘आपण युरोपीय संघाला आठवड्याला 35 कोटी पौंड पाठवतो’ असा हिशेब रंगवला होता. ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजाच केलेली नव्हती. हा हिशेब खोडून काढला गेला, तरी बस फिरतच राहिली. 23 जून 2016 रोजीच्या सार्वमतात 51.9 टक्के मतं ‘बाहेर’च्या बाजूनं पडली. त्याच डिसेंबरात ऑक्सफर्ड शब्दकोशानं ‘ब्रेक्झिट’ची नोंद केली, श्रेय वाइल्डिंग यांना देऊन.