पुबेलसाहेबांचे तीन डबे

पॅरिसमध्ये कचऱ्याच्या डब्याला ‘पुबेल’ म्हणतात. वास्तविक हे एका गृहस्थांचे आडनाव. युजेन पुबेल हे १८८३ साली पॅरिसचा कारभार पाहणारे प्रिफेक्ट होते. आपल्याकडच्या कलेक्टरासारखेच, पण त्याहून भारी. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी हुकूम काढला, की प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवावेत आणि कचरा त्यांतच टाकला जावा. तोवर पॅरिसकर मंडळी आपला केर सरळ दारापुढच्या रस्त्यावर लोटीत. घरमालक खर्चाच्या नावाने ओरडले, वर्तमानपत्रांनी थट्टा केली आणि डब्याला साहेबांचे नाव चिकटले ते चिकटलेच.

ही गोष्ट बहुधा इथेच संपवतात. परंतु पुबेलसाहेबांनी एक डबा सांगितला नव्हता, तीन सांगितले होते. एकात कुजणारा कचरा, दुसऱ्यात कागद व चिंध्या, तिसऱ्यात काच, फुटकी भांडी आणि कालवांचे शिंपले. (कालवे पॅरिसकरांना फार प्रिय!) ओला कचरा, सुका कचरा ही भाषा आपल्याला अजून नवी आणि जराशी जाचक वाटते. तिचे वय हे असे एकशे चाळीस वर्षांचे आहे.

चिंध्यांचा एवढा मान कशासाठी? कागदासाठी. युरोपातला कागद शतकानुशतके जुन्या कापडापासून होत असे. १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलर नावाच्या कारागिराने लाकूड दळून त्याचा लगदा करण्याची युक्ती काढली, आणि पुढे हळूहळू चिंध्यांचा भाव उतरला. पाठीवर टोपली, एका हातात आकडा, दुसऱ्या हातात कंदील घेऊन रात्री रस्त्यावरचे ढिगारे उपसणारे हजारो लोक पॅरिसमध्ये होते. चिंध्या, हाडे, काच, लोखंड, सगळे ते वेगळे करीत व विकीत. डब्यांचा हुकूम निघाला तेव्हा खरा आकांत त्यांनीच मांडला; त्या ढिगाऱ्यांवरच त्यांची चूल पेटत होती.

पुढे डबा टिकला. तीन डबे मात्र टिकले नाहीत. लोकांनी सगळे एकात ओतले. वेगवेगळे गोळा करण्याची रीत तिथे पुन्हा रुजायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

आपल्याकडे तरी काय होते? जुन्नरचा किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद जुन्या चिंध्या, पोती, दोर असल्या टाकाऊ मालातूनच होई. पेशवाईतली दप्तरे अशा कागदावर आहेत. आम्ही इतिहासवाले जो कागद जपून, श्वास रोखून उलगडतो, तो मुळात कुणाच्या तरी घरातून बाहेर पडलेला चिंधोटा असतो, हे आम्हीच विसरतो. आणि इतके मागे तरी कशाला जायचे? माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात बोहारीण येई. एका पातेल्यासाठी आई तिच्याशी तासभर घासाघीस करी. शेवटी बाबांची एक पँट जास्त जाई. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या असत, रद्दीची चळत माळ्यावर. हे कुणी पर्यावरणासाठी करीत नव्हते हो! त्याचे चार पैसे होत म्हणून करीत. त्यासाठी वस्तू कोरडी आणि वेगळी ठेवावी लागे, इतकेच.

या एका अटीवर पुण्यात पुढे मोठे काम उभे राहिले. १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्यांची ही संघटना. सभासद बहुतांशी दलित समाजातल्या स्त्रिया. उकिरड्यात हात घालून जे काढायचे, तेच घराच्या दारात वेगळे मिळाले तर कागद भिजत नाही, भाव चांगला येतो, हातही शाबूत राहतात, हा त्यांचा सरळ हिशेब. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेने दारोदार कचरा गोळा करण्याचा करार तिच्याशी केला. पॅरिसमध्ये डबा आला तेव्हा वेचणाऱ्यांच्या पोटावर पाय आला होता. इथे वेचणारीच डब्यापाशी येऊन उभी राहिली. मला तर हा फरक पुष्कळ मोठा वाटतो. २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घरातच करण्यास सांगितले. म्हणजे संख्या पुन्हा पुबेलसाहेबांचीच!

आता माझी गोष्ट. हे सगळे मी वर्गात रंगवून सांगत असे, आणि घरी आमटी लागलेली पिशवी, चहाचा चोथा, वर्तमानपत्र सगळे एकाच बादलीत. मावशी रोज सकाळी येत, काही न बोलता आमची बादली जिन्यातल्या फरशीवर ओतून हाताने निवडीत. एके दिवशी त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली दिसली. विचारले, तर म्हणाल्या, “काही नाही सर, बल्ब फुटका होता.” तो बल्ब मीच टाकला होता, आदल्या रात्री. मी काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, “कागदात गुंडाळून निराळं ठेवत जा. आणि रद्दी ओली नका करू. ओल्या रद्दीला दुकानदार भावच देत नाही.”

त्या दिवशी संध्याकाळी ओट्याखाली दुसरी बादली ठेवली. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा आता गच्चीतल्या भोकांच्या माठात जातो. वर मूठभर वाळका पाला, आठवड्यातून एकदा ढवळायचे. पहिल्या महिन्यात चिलटे झाली आणि घरात माझ्या संशोधनाचा उद्धार झाला. पाला कमी पडत होता, एवढेच कारण. पाला वाढवला, चिलटे गेली.

मावशी आता आमच्या दारात फार वेळ थांबत नाहीत. सुक्याची पिशवी उचलतात, वरवर चाचपून पाहतात आणि वरच्या मजल्यावर जातात. तिथे अजून त्यांना फरशीवर बसावे लागते.