औषधातील विष आणि कायद्याचे कुंपण

औषधास गंगोदकाइतके पवित्र मानण्याची आपल्याकडील श्रद्धा फार जुनी आहे. परंतु मुखात घालावयाच्या द्रव्याची शुद्धता रोग्यास स्वतः पारखता येत नाही. म्हणून त्या श्रद्धेची राखण आधुनिक काळी कायद्याकडे आली. ते कुंपण कोणाचे रक्षण करते व कोणास उघड्यावर सोडते, हे सौंसर तालुक्यातील बोरगावच्या परिसरावरून ध्यानात येते.

1956 साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठीभाषी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. तरीही दुखणे विकोपास गेले की येथील माणूस नागपूरचीच वाट धरतो. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील, विशेषतः परासिया भागातील, अनेक बालके नागपूरला न्यावी लागली. साध्या सर्दी-खोकल्यावर दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या औषधाने त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. वीसहून अधिक बालके दगावली. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष शेकडा 48.6 इतके आढळले. मर्यादा शेकडा 0.1 आहे.

हे विष नवे नव्हे. औषधोपयोगी शुद्ध द्रावक महाग पडतो; दिसण्यात तसाच असलेला कारखान्यातील माल स्वस्त मिळतो; आणि तपासणी टळली की अनर्थ ओढवतो. 1937 साली अमेरिकेत याच विषाने शंभराहून अधिक माणसे मेली. पुढच्याच वर्षी औषधाची निर्धोकता विक्रीपूर्वी सिद्ध करण्याचे बंधन तेथे आले. आपला औषधविषयक कायदा 1940 चा. तरीही 1972 साली मद्रासला बालके, 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रोगी व 2020 साली जम्मूतील रामनगरला पुन्हा बालकेच बळी पडली. जे. जे. प्रकरणी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून मंत्रालयापर्यंतचे दोष उघड केले. आयोग उठला, दोष मात्र पुरते निघाले नाहीत.

2022 साली गॅम्बियातील सुमारे सत्तर बालकांच्या मृत्यूशी भारतीय औषधांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने जोडला. देशाच्या व्यापारी लौकिकास धक्का बसला. तेव्हा 1 जून 2023 पासून परदेशी जाणारे खोकल्याचे औषध मान्य प्रयोगशाळेत तपासल्यावाचून पाठवू नये, असा नियम झाला. देशात विकल्या जाणाऱ्या औषधास मात्र तो लागू केला गेला नाही. बंदरावर पहारा बसला. खेड्यातील दुकान तसेच राहिले.

परवाना एका राज्याचा, विक्री दुसऱ्या राज्यात आणि उपचार तिसऱ्या राज्यात, अशा रचनेत जबाबदारी वाटली जाता जाता नाहीशी होते. धनिकास निवडीस वाव असतो. मोलमजुरी करणाऱ्या बापास जवळच्या दुकानातील बाटलीवाचून दुसरा मार्ग नसतो. म्हणून अशा मृत्यूंना दैवगती म्हणणे हा त्या बालकांवर दुसरा अन्याय होय. ज्या राज्यव्यवस्थेस निर्यातीचा माल तपासता आला, तिला घरचा मालही तपासता आला असता.