निद्रेचा मान, झोपेचे गुण

सकाळी फिरायला निघालेली मंडळी पूर्वी एकमेकांना विचारत, ‘झोप झाली का?’ उत्तर येई, ‘झाली’, ‘कसली झोप अन् कसलं काय’ किंवा ‘पडल्या पडल्या डोळा लागला’. आता नगरच्या सावेडीत काय किंवा संगमनेरात काय, उत्तर आकड्यात येते : ‘काल बासष्टच पडले.’ मनगटावरचे स्मार्टवॉच रात्रभर मोजणी करते आणि सकाळी झोपेला शंभरपैकी गुण देते. गाढ झोप इतकी मिनिटे, हलकी इतकी, स्वप्नांची इतकी. गुण कमी पडले की ठणठणीत उठलेला माणूसही ‘तरीच आज अंग जड वाटतंय’ म्हणू लागतो.

हे गुण कशावरून दिले जातात आणि हे घड्याळ येण्यापूर्वी या जिल्ह्यातली माणसे आपली झोप कशी जोखत, हे दोन प्रश्न घेऊन मी काही काळ वाचन केले. झोपेचे दप्तर कोठे नसते. तिचा इतिहास दुसऱ्याच विषयांच्या ग्रंथांत, कागदांत आणि शब्दांत विखुरलेला सापडतो. त्यातले जे आपल्या जिल्ह्याशी जोडलेले आहे, ते येथे मांडतो.

नेवाशाची साक्ष

सुरुवात नेवाशापासून करावी लागते. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हे ज्ञानेश्वरीचे साल. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या सोळाव्या आणि सतराव्या श्लोकांत योग्याच्या आहारविहाराची चर्चा आहे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. यावर भाष्य करताना ज्ञानेश्वर सांगतात की, आहार मापाने घ्यावा, बोलावे ते मोजके, चालावे ते मोजक्या पावलांनी. लगेच त्याच ओवीत झोप येते. योग्य वेळी निद्रेला ‘मान’ द्यावा, असे ते म्हणतात. पुढच्या ओवीत जागरणालाही मर्यादा सांगितली आहे आणि अशाने शरीरातले धातू समतोल राहतात, असा निष्कर्ष आहे.

पावले आणि झोप, म्हणजे आजच्या घड्याळाची दोन मुख्य खाती, सातशे वर्षांपूर्वी एकाच ओवीत शेजारी बसलेली आहेत. पण शब्दांत फरक आहे. आहाराला माप आहे. बोलणे, चालणे आणि जागणे यांना ‘मितले’ हे विशेषण आहे. झोपेशी येताच शब्द बदलतो आणि ‘मान’ येतो. मराठीत मान म्हणजे आदर, आणि कालमान, तापमान यांतला मान म्हणजे माप. दोन्ही अर्थ येथे बसू शकतात. मला आदर हा अर्थ अधिक जवळचा वाटतो, कारण माप सांगायचेच असते तर ‘मितले’ हा शब्द हाताशी होता. चालणे आपण करतो, म्हणून ते मोजून करता येते. झोप आपण करत नाही, ती येते. आलेल्या पाहुण्याला द्यावी तशी तिला जागा द्यायची असते.

रात्र मोजली जाई, झोप नाही

मोजमापाचे आपल्याला वावडे होते असे मात्र नाही. रात्र फार बारकाईने मोजली जाई. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडत. ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे आजची २४ मिनिटे. अशा ६० घटकांचा दिवस-रात्रीचा फेरा आणि रात्रीचे चार प्रहर. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडण्याची रीत कित्येक पिढ्या टिकली.

या मोजणीच्या आत झोपेला आकडा नव्हता, नावे होती. पेंग, डुलकी, झापड, गुंगी, गाढ झोप, दुपारच्या जेवणानंतरची वामकुक्षी, पहाटेची साखरझोप. ‘पहिल्या झोपेत होतो’ असे म्हटले की रात्रीची वेळ आणि झोपेची जात दोन्ही ऐकणाऱ्याला कळतात. झोप कशी झाली याचा निवाडा झोपणाऱ्याचा, आणि तोही उठल्यानंतरचा. वेदान्ती पंडितांनी तर यावर युक्तिवादच उभा केला. जागा झालेला माणूस ‘मी सुखाने झोपलो, मला काहीच कळले नाही’ असे म्हणतो, त्या अर्थी गाढ झोपेतही सुखाचा कोणी साक्षी असलाच पाहिजे.

झोप कोणाला मिळे, हा प्रश्न मात्र वेगळा होता. गावच्या वतनी नोकरांत जागल्या असे. गावाने निर्धास्त झोपावे म्हणून त्याने रात्रभर जागायचे. हे काम जातीने ठरलेले होते, आणि १९५८च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द होईपर्यंत तो पाया हलला नाही. घरात हीच गत बाईची. पहाटे सगळे साखरझोपेत असताना तिने जात्यावर बसायचे. जात्यावरच्या ओव्यांचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे, पण प्रत्येक ओवीमागे एक मोडलेली पहाट आहे. गावात इंजिनाची आणि पुढे विजेची पिठाची गिरणी आली तेव्हा घरोघरच्या बायकांना पहाटेची झोप परत मिळाली. झोप देणाऱ्या यंत्रांची यादी करायची झाली तर त्या गिरणीचे नाव मी सर्वांत वर लिहीन.

‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण आपल्याकडे सारखी वापरली जाते. खरी झोप आली की उशाला दगडही चालतो, असा तिचा सरळ अर्थ. ती कष्टकऱ्यांची म्हण आहे. झोपेसाठी काय लागते याचे उत्तर त्यात आहे : दिवसभराचे श्रम आणि पाठ टेकायला मिळालेली मोकळी वेळ. यातली दुसरी गोष्ट दुर्मिळ होती.

किल्ल्यातले पहाटेचे तीन

नगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य आणून ठेवले गेले. नेहरूंनी तेथे १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या काळात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच किल्ल्यातले मौलाना अबुल कलाम आझाद यांचे ‘गुबार-ए-खातिर’ हे उर्दू पुस्तक त्या मानाने मराठी वाचकाला कमी परिचित आहे. मित्र हबीबुर रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेली, पण तेव्हा टपालात न पडलेली ही पत्रे १९४६ साली पुस्तकरूपाने आली.

या पत्रांत पहाटेची वेळ सारखी भेटते. मौलाना रात्री तीन-चारच्या सुमारास उठत, स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करत आणि लिहायला बसत. ही सवय तुरुंगाने लावलेली नव्हती, फार जुनी होती. सगळा किल्ला झोपलेला असताना जागे असण्यात त्यांना मोठे सुख वाटे. आजच्या घड्याळाने या माणसाला रोज नापास केले असते.

एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. आजार वाढल्याचे कळूनही मौलानांनी सरकारकडे काही मागण्यास नकार दिला होता. त्या दिवसांविषयी त्यांनी लिहिले आहे ते वाचण्यासारखे आहे. जेवणाखाण्याच्या वेळा, लिहिणे, बोलणे यांत त्यांनी फरक पडू दिला नाही. बाहेरून सर्व शांत होते आणि आतली शांती ढळली होती, हे त्यांनी स्वतःच नोंदवले. बाहेरच्या हालचालीवरून आतल्या विश्रांतीचा अंदाज किती लागतो, याचे आपल्याच शहरात लिहिले गेलेले हे उदाहरण आहे.

प्रयोगशाळेतून मनगटावर

झोप शास्त्रीय पद्धतीने मोजायला सुरुवात झाली ती मेंदूपासून. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केले. १९५३ साली शिकागोत आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांची भरभर हालचाल होणारी झोप वेगळी ओळखली. स्वप्नांशी तिचा संबंध लागला. १९६८ साली रेख्टशाफेन आणि केल्स यांनी झोपेच्या टप्प्यांची नियमावली केली. डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा लावून रात्रभराची नोंद घ्यायची, तिचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला टप्पा ठरवून द्यायचा, अशी ही रीत आहे. एवढे करूनही दोन प्रशिक्षित तज्ज्ञांचे एकमत शंभरातल्या साधारण ऐंशी तुकड्यांवर होते.

घड्याळाजवळ यातले काहीच नसते. त्याच्याजवळ मनगटाची हालचाल टिपणारा भाग असतो आणि कातडीवर हिरवा प्रकाश टाकून नाडी पाहणारा दिवा असतो. हालचाल थांबली, नाडी मंदावली, म्हणजे माणूस झोपला असावा, असा हिशेब. एकूण तास सांगताना तो पुष्कळदा जवळपास बरोबर येतो. पण निश्चल पडून जागे असलेल्या माणसाला तो सहज झोपलेला समजतो, आणि गाढ-हलकीची वाटणी हा अंदाजावरचा अंदाज असतो. त्यावर शंभरपैकी गुण काढण्याचे सूत्र ज्या-त्या कंपनीचे. ते पुष्कळदा पूर्णपणे उघड केलेले नसते आणि एकाचे दुसऱ्याशी जुळत नाही.

भाच्याने दिलेले असे एक घड्याळ मी काही महिने वापरले. एका रात्री मोडी कागदांच्या छायाप्रती वाचत मी अडीचपर्यंत खुर्चीत बसून होतो. घड्याळाने त्यातला बराच वेळ ‘हलकी झोप’ म्हणून जमा केला. दुसऱ्या एका रात्री घोरत पडलो होतो असे घरच्यांचे म्हणणे, तर घड्याळाच्या मते मी तळमळत होतो. चूक यंत्रांत असतेच, त्याबद्दल तक्रार नाही. राग येतो तो ठाम आकड्याचा. मोडी वाचणारा अक्षर लागले नाही की तेथे प्रश्नचिन्ह टाकतो. या यंत्राला प्रश्नचिन्ह माहीत नाही.

डॉक्टरांनीही हा त्रास ओळखला आहे. अमेरिकेत केली बॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली अशा रुग्णांवर लेख लिहिला आणि झोपेच्या आकड्यांमागे लागून झोप घालवून बसण्याला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले. त्यातल्या एका रुग्णाची प्रयोगशाळेत तपासणी केली तेव्हा झोप नीट, गाढ लागलेली दिसली. तरी प्रश्न होता, मग माझे यंत्र वेगळे का सांगते? पावलांचेही तसेच. दहा हजार हा आकडा शास्त्रातून निघालेला नाही. १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकायला काढले, त्याचे नावच ‘दहा-हजार-पावले-मापक’ अशा अर्थाचे होते. तेथून तो आकडा जगभर गेला.

रात्रपाळीचा जिल्हा

आता आपल्या जिल्ह्याच्या रात्रीकडे पाहू. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले आणि कालव्यांखालची जमीन ओलिताखाली आली. कालव्याचे पाणी रात्री थांबत नाही. ज्याची पाळी रात्री, त्याने रात्रीच दारे धरायची. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ जिल्ह्यात इतर उभे राहिले. हंगामात कारखाना अहोरात्र चालतो. पाथर्डी-शेवगावकडून आलेल्या ऊसतोड जोडप्याचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो, आणि मोटार भरायला आली तर रात्री पुन्हा उठावे लागते.

त्यानंतर शेतीपंपाची वीज आली. ती चक्राकार पद्धतीने मिळते : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत शेतकरी विजेरी घेऊन पाणी भरायला जातो. संगमनेर, अकोले, राहुरी या भागांत उसात बिबटे आहेत, हे त्याला माहीत असते. अशा शेतकऱ्याच्या मुलाने कौतुकाने त्याच्या मनगटावर घड्याळ बांधले, तर ते सकाळी काय सांगेल? झोप अपुरी, वेळा अनियमित, रोज ठरावीक वेळी झोपा, झोपण्यापूर्वी मन शांत ठेवा. यातला एकही शब्द खोटा नाही आणि एकही त्याच्या उपयोगाचा नाही. त्याची झोपायची वेळ विजेच्या वेळापत्रकाने ठरवलेली आहे.

गुणांची ही पद्धत मला येथे खटकते. झोप बिघडण्याचे कारण गावाच्या, कारखान्याच्या, वीजवाहिनीच्या वेळापत्रकात असते आणि नापासाचा शेरा एकट्या माणसाच्या मनगटावर उमटतो. ज्यांना वेळ आणि सवड आहे ते त्या शेऱ्याने उगाच धास्तावतात. ज्यांची झोप खरोखर हिरावली जाते, त्यांना तो काहीच देत नाही.

उलट उदाहरणही जिल्ह्यातच आहे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तेव्हा प्रायोगिक प्रकल्पासाठी निवडलेल्या दोन गावांत पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी होते. दुसरे यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी. शेतीला दिवसा वीज, हा या योजनेचा हेतू. सरकारी कागदांत तिचा हिशेब मेगावॉटमध्ये आणि अनुदानात मांडतात. झोपेच्या इतिहासात तिची जागा पिठाच्या गिरणीशेजारी आहे.

म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना आणि वाचकांना एक विनंती आहे. कालव्याच्या पाणीपाळीच्या वह्या, कारखान्यांची पाळीपत्रके, वीज कोणत्या रात्री कोणत्या वाहिनीला होती याचे तक्ते हे सारे रद्दीत जाणारे कागद आहेत. या जिल्ह्यातली माणसे गेल्या शंभर वर्षांत कधी झोपली आणि कधी झोपू शकली नाहीत, याचा पुरावा त्यांतच आहे. कोणाच्या माळ्यावर, कपाटात असे काही असेल तर ते टाकू नये. आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्याला किंवा तिला एवढे विचारून लिहून घ्यावे : तरुणपणी तुम्ही किती वाजता निजत होता, कोणी आणि कशासाठी उठवत होते?