पेटी आपली, किल्ली शेजाऱ्याला



१८७४ सालच्या ९ ऑक्टोबर रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी २२ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी टपालाच्या एका करारावर सह्या केल्या. तोपर्यंत परदेशी पत्र पाठवायचे, तर बहुधा त्या त्या दोन देशांत स्वतंत्र तह असावा लागे. २२ देशांनी परस्परांशी असे तह करायचे म्हटले, तर त्यांची संख्या २३१ होते! बर्नच्या करारामुळे या जंजाळाच्या जागी एकच सामायिक नियम आला, आणि १८७६ मध्ये हिंदुस्थानही त्या संघात दाखल झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोणत्याही राष्ट्राने आपले टपालखाते दुसऱ्याच्या स्वाधीन केले नाही. खाती ज्याची त्याच्याकडे राहिली, पत्राची वाट तेवढी मोकळी झाली. माझा आजचा विषय वरवर यंत्रांचा वाटेल, परंतु त्यातला प्रश्न हाच आहे.

संगणकावरील फाइल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कशी जावी, याचे नियम १९७१ च्या एप्रिलमध्ये लिहून काढले ते अभय भूषण यांनी. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले हे भारतीय तरुण त्या वेळी अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. त्याच वर्षी रे टॉमलिन्सन यांनी माणसाचे नाव आणि त्याच्या यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘अ‍ॅट’चे चिन्ह घालून ई-मेलचा पत्ता सिद्ध केला. तुमचे खाते एका कंपनीकडे आणि माझे दुसरीकडे असले, तरी आज ई-मेल बिनदिक्कत पोचते, याचे कारण ही व्यवस्था कोणा एकाच्या मालकीची नाही.

पुढे मात्र निराळे घडले. २००८ साली ड्रॉपबॉक्स लोकांपुढे आले, आणि फाइल पाठवण्याऐवजी ती दूरच्या सर्व्हरवर ठेवून तेथेच इतरांना दाखवण्याची चाल पडली. यालाच आपण ‘क्लाउड’ म्हणतो. क्लाउड म्हणजे मेघ. नावावरून कोणास कालिदासाचा मेघ आठवेल. पण तो निरोप घेऊन पुढे गेला, हा मेघ वस्तू आपल्याजवळच ठेवून घेतो! तुमची पेटी एका कंपनीकडे आणि माझी दुसरीकडे असली, म्हणजे एकाच कागदावर दोघांनी काम करण्यासाठी बहुधा एकाला दुसऱ्याच्या घरी खाते उघडावे लागते. घरच्या छायाचित्रांपुरते हे ठीक. पण रुग्णांची माहिती सांभाळणाऱ्या इस्पितळाने किंवा संशोधन करणाऱ्या विद्यापीठाने काय करावे?

२०१० साली फ्रँक कार्लिचेक या जर्मन तंत्रज्ञाने ‘ओनक्लाउड’ची घोषणा केली. आपली पेटी आपल्याच सर्व्हरवर ठेवता यावी, यासाठी ही खुली आज्ञावली होती. जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने तिच्या आधारे ‘सर्नबॉक्स’ उभारला. जर्मनीत नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातील विद्यापीठांनी २०१५ मध्ये मिळून आपली पेटी सुरू केली. स्वातंत्र्य आले, पण त्यासोबत एकाकीपणाही आला. प्रत्येक संस्था आपापल्या कोटात सुरक्षित, आणि दुसऱ्या कोटातला सहकारी वेशीबाहेर!

२०१४ मध्ये ओनक्लाउडने एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरला फाइल दाखवण्याची सोय केली. २०१५ च्या जानेवारीत युरोपातील संशोधन-जाळ्यांची ‘जेआं’ ही संस्था पुढे आली, आणि ‘ओपन क्लाउड मेश’ या नावाने या सोयीचा सर्वांसाठी खुला नियम बनवण्याचे काम सुरू झाले. त्याची रीत साधी आहे. पत्ता ई-मेलसारखाच, म्हणजे माणसाचे नाव आणि त्याच्या सर्व्हरचे नाव. माझा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला कळवतो की, अमुक फाइल तुमच्यासाठी खुली केली आहे, आणि सोबत एक गुप्त खूण देतो. तुम्ही होकार दिलात की ती फाइल तुमच्या पेटीत दिसू लागते. वस्तुतः ती माझ्याच घरी असते. खूण रद्द केली की दार बंद.

या नियमाची कसोटी लवकरच लागली. २०१६ मध्ये कार्लिचेक ओनक्लाउडमधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘नेक्स्टक्लाउड’ काढले. घर फुटले; परंतु दोन्ही पेट्यांमधील ये-जा चालू राहिली, कारण मधली वाट वाटणीत कोणाच्याच वाट्याला गेली नव्हती. २०२० पासून युरोपीय संघाच्या साहाय्याने ‘सायन्स मेश’चे काम सुरू झाले. त्यात आधी आमंत्रण, मग स्वीकार आणि नंतर फाइल, असा क्रम ठरला. सर्वांचे पत्ते चव्हाट्यावर न मांडता ओळख पटावी, हा त्यामागचा हेतू.

या व्यवस्थेतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. किल्ली परत घेता येते, पण तोवर कोणी प्रत काढून घेतली असेल तर ती परत येत नाही. मालकाचा सर्व्हर बंद पडला, तर पाहुण्याच्या पेटीतली फाइलही नाहीशी होते. शिवाय स्वतःचा सर्व्हर राखायचा, तर जाणता माणूस आणि नित्याचा खर्च हवा. ज्याला हे झेपत नाही, त्याने मोठ्या कंपनीचा आश्रय घेतला तर त्याला दोष देता येणार नाही.

तरीही आपल्या गावचे वाचनालय, महाविद्यालय किंवा सहकारी पतपेढी आपले कागद क्लाउडवर ठेवण्याचा ठराव मांडील, तेव्हा सभासदांनी दराच्या चौकशीबरोबर आणखी एक चौकशी करावी. शेजारच्या संस्थेला आपला कागद दाखवण्यासाठी तिलाही याच कंपनीच्या दारी यावे लागेल काय? उत्तर ‘होय’ असे आले, तर ठरावावर मत देण्यापूर्वी बर्नच्या त्या २२ राष्ट्रांची आठवण ठेवावी.