मैदानांची हिरवळ ठरते पावसाळ्यातच

उन्हाळ्यात तांबूस पडलेली शहरांतील मैदाने जूनच्या पहिल्या सरींनंतर पाहता पाहता हिरवीगार होतात. निसर्गाची ही देणगी विनासायास मिळते. ती पुढील मे महिन्यापर्यंत टिकविणे मात्र माणसाच्या हाती असते. क्रीडांगणावरील गवत हे एक पीकच असून, शेताप्रमाणे त्याचीही हंगामानुसार मशागत करावी लागते.

हरळीचा स्वभाव

महाराष्ट्रातील बहुतेक मैदानांवर हरळीच्या जाती आढळतात. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा त्या याच. हरळीची खोडे जमिनीवर व जमिनीखालीही पसरतात. त्यामुळे खेळाडूंच्या बुटांखाली तुडविली गेली तरी तिला नवे फुटवे येतात. तिला ऊन मानवते, सावली नाही. साधारण २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात तिची वाढ जोमाने होते, थंडीत ती मंदावते.

पावसापूर्वी

वर्षभराच्या खेळाने आणि रोलरने माती घट्ट दाबली जाते. अशा मातीत हवा व पाणी शिरत नाही आणि मुळे वरच्या थरातच राहतात. यासाठी पावसाच्या तोंडावर पोकळ दातांच्या यंत्राने आठ ते दहा सेंटीमीटर खोल छिद्रे पाडून त्यांत वाळू भरली जाते. काळ्या मातीच्या मैदानांवर हे काम अधिकच आवश्यक ठरते, कारण ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उघड्या पडलेल्या जागी पावसाच्या सुरुवातीला हरळीच्या काश्या लावल्या जातात.

वाफसा महत्त्वाचा

पावसाळा हा हरळीच्या वाढीचा काळ आणि मैदानाचे सर्वाधिक नुकसान होण्याचाही काळ होय. पाण्याने भरलेल्या जमिनीवर खेळ झाला वा रोलर फिरला, की मातीतील पोकळ्या बुजतात आणि गवत मुळासह उखडते. म्हणून शेतकरी ज्याप्रमाणे वाफसा आल्याशिवाय शेतात औत घालत नाही, त्याचप्रमाणे माळ्यानेही वाफशाची वाट पाहणे इष्ट. १९४८ मध्ये सुरू झालेल्या कांगा लीगने मुंबईच्या क्रिकेटपटूंना ओल्या खेळपट्ट्यांवर फलंदाजी शिकविली. तथापि अशा खेळाची किंमत मैदानातील गवताला मोजावी लागते. लव्हाळाही याच दिवसांत फोफावतो. तो जमिनीतील गाठींसकट काढला नाही, तर पुन्हा उगवतो.

कापणी आणि खत

एका वेळी पात्याच्या उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक गवत कापू नये, हा सर्वमान्य नियम आहे. क्रिकेटच्या मैदानावर गवत साधारण १२ ते १५ मिलिमीटर, तर फुटबॉलसाठी २५ ते ३० मिलिमीटर ठेवले जाते. पावसाळ्यात वाढ झपाट्याने होत असल्याने कापणी वारंवार करावी लागते. नत्रयुक्त खत वाढीच्या काळात थोड्या-थोड्या हप्त्यांनी देणे योग्य. थंडीत वाढ मंदावल्यावर खत, पाणी व कापणी ही तिन्ही कमी करावीत.

उन्हाळ्यातील पाणी

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. १०५ बाय ६८ मीटरच्या फुटबॉल मैदानाला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे झाल्यास सुमारे ३५,७०० लिटर लागतात. टंचाईच्या दिवसांत हा आकडा बोचतो. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला, तेव्हा मैदानावरील पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला होता. प्रक्रिया केलेले सांडपाणी हा त्यावरील एक पर्याय आहे. रोज थोडे शिंपडण्याऐवजी दोन-तीन दिवसांआड, पहाटे, खोलवर भिजेल असे पाणी दिल्यास मुळे खाली जातात आणि गवत ताण सोसते. मात्र, त्यासाठी माती आधीच मोकळी झालेली असावी लागते.

विश्रांती हवीच

खत, पाणी व यंत्रे पैशाने मिळतात. विश्रांती मात्र ठरवूनच द्यावी लागते. शहरांत मैदाने थोडी आणि खेळणारे अनेक. त्यात सभांचे मंडप आणि वाहनांची चाके यांची भर पडते. खेळपट्ट्या व गोलपोस्टच्या जागा आलटूनपालटून बदलणे, हा झीज वाटून घेण्याचा सोपा उपाय होय. मैदानाच्या आरक्षणाच्या वहीत सामन्यांच्या तारखांबरोबर पावसाळ्यातील विश्रांतीचे दिवसही आधीच नोंदविले गेले, तर मे महिन्यात झेल घेण्यासाठी सूर मारणाऱ्या मुलाला खाली गवत मिळेल, खडी नव्हे.